पुण्यातून उठून किनाऱ्यावरच्या गावात नगराध्यक्ष व्हायचंय?

६ ऑक्टोबर २०२५ ला मंत्रालयात नगराध्यक्षपदांच्या आरक्षणाची सोडत निघाली, तेव्हा दादा कोथरूडच्या घरी टीव्हीसमोर मांडी घालून बसला होता. चार वर्षं तो या दिवसाची वाट पाहत होता. पहिली दोन वर्षं दर शनिवारी ताम्हिणी घाट उतरून गावी, रविवारी रात्री परत. २०२३ पासून तर त्याने बिऱ्हाडच हलवलं: तो गावी, वहिनी आणि मुलं पुण्यात. गावातलं एक लग्न, एक बारसं, एक दहावा चुकवला नाही. मतदार यादीतलं नावही रीतसर गावी नेलं. आणि आमच्या गावचं पद निघालं महिलांसाठी राखीव.

घरात कोणी बोलेना. मग आईच म्हणाली, "मग हिला उभी कर की." वहिनी पोळ्या लाटत होती. मागे न वळता म्हणाली, "आई, माझं नाव कोथरूडच्या यादीत आहे."

नगरपरिषदेसाठी यादी धरली जाणार होती १ जुलैची. तो दिवस उलटून तीन महिने झाले होते. शेवटी उभी राहिली आमची आत्या, गावातल्याच शाळेतून निवृत्त झालेली बाई, जिने तोवर निवडणुकीत फक्त केंद्रावरची ड्युटी केली होती. कागदपत्रं आणि हिशेब माझ्याकडे आले, कारण पुण्यात मी पोटासाठी तेच करतो. गाव रायगडच्या किनाऱ्यावरचं आहे. नाव सांगत नाही, आत्याला अजून त्याच बाजारात मासळी घ्यायची आहे. त्या दोन महिन्यांत जे कळलं ते क्रमाने लिहितोय. पुढची निवडणूक पाच वर्षांवर आहे, म्हणजे सुरुवात करायची वेळ आत्ताच.

महापौर नव्हे, नगराध्यक्ष

पुण्यात १५ जानेवारी २०२६ ला आपण चार-चार बटणं दाबून नगरसेवक निवडले. महापौर आपण निवडत नाही, ते काम नगरसेवकांचं. छोट्या शहरात महापौर नसतो, नगराध्यक्ष असतो, आणि त्याला सध्या अख्खं गाव थेट मत देतं. 'सध्या' म्हणतो, कारण हा नियम सरकारागणिक फिरलाय: २०१६ ला थेट निवड आली, २०२० ला पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ ला पुन्हा थेट. पाच वर्षांनी काय असेल त्यावर पैज लावू नका. दोन्ही पद्धतींत उपयोगी पडेल अशीच तयारी करा, म्हणजे गावाशी नातं आणि जोडीला नगरसेवकांचं चांगलं पॅनेल.

कायदा एकच वाचायचा: महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. एक लाखावर लोकसंख्या असेल तर नगरपरिषद 'अ' वर्गात, चाळीस हजार ते एक लाख 'ब', त्याखाली 'क'. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, मालवण, वेंगुर्ला ही किनाऱ्यावरची नावाजलेली गावं सगळी 'क' वर्गातली. २०११ च्या जनगणनेत अलिबाग वीस हजारांच्या थोडं वर आणि वेंगुर्ला बारा हजारांच्या थोडं वर होतं. पुण्यातल्या एका प्रभागात अशी तीन-चार गावं मावतील.

पहिलं काम: नाव कुठल्या यादीत आहे ते बघा

श्रीवर्धनच्या भटांना पेशवाई मिळाली तेव्हा कुठल्या यादीत नाव लागलं नव्हतं. तुम्हाला लागेल. नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराचं वय किमान २१ हवं आणि नाव त्याच शहराच्या मतदार यादीत हवं. शहरातल्या कुठल्याही प्रभागात चालेल, पण शहराच्या हद्दीत.

आता इथे बरेच जण फसतात. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही. विधानसभेची यादी एका ठराविक तारखेला गोठवतो आणि तिचे प्रभागवार तुकडे करतो. मग प्रारूप यादी लागते, हरकती मागवतात, लोक धावतात आणि सांगतात, "माझं नावच नाही." त्या टप्प्यावर नवीन नाव घालून मिळत नाही. चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव फिरवणं, लेखनिकाची चूक सुधारणं, विधानसभेच्या यादीत असूनही सुटलेलं नाव घेणं, एवढंच होतं. विधानसभेच्या यादीतलं नाव वेळेत हललेलं नसेल तर खेळ तिथेच संपला.

नाव हलवायला नमुना ८ भरायचा, ऑनलाइन होतं. पण गावी वडिलोपार्जित घर आहे म्हणून नाव तिथे नेता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० मध्ये स्वच्छ लिहिलंय की नुसती घराची मालकी म्हणजे तिथलं सर्वसाधारण वास्तव्य नव्हे. शनिवार-रविवारचे पाहुणे असाल तर आधी खरोखर राहायला जा. आणि दोन्हीकडे नाव ठेवायची हुशारी करू नका. खोटं प्रतिज्ञापन दिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि या वेळी तर संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे यादीतच दोन-दोन चांदण्या होत्या. विरोधक सगळ्यात आधी त्या चांदण्याच शोधतो.

वहिनीचं नाव आम्ही आधीच गावी का नेलं नाही, असं नातेवाइकांनी पन्नासदा विचारलं. ती राहत होती पुण्यात. नेलं असतं तर ते खोटं झालं असतं. पण दादाने निदान एवढं तरी ओळखायला हवं होतं की निम्मी नगराध्यक्षपदं महिलांसाठी जातात. त्याने फक्त स्वतःचा विचार करून चार वर्षं घालवली. तुम्ही अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, महिला, खुलं, या सगळ्या शक्यता कागदावर मांडा आणि प्रत्येकीपुढे नाव लिहा. जिथे नाव सुचत नाही तिथे कुणाच्या पाठीशी उभं राहायचं ते ठरवा. राखीव जागेवर लढणाऱ्याने जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच करावा. निवडून आल्यावर सहा महिन्यांत ते द्यावं लागतं आणि समितीचं काम आपल्या घाईने चालत नाही.

दुसरं काम: स्वतःचं घर तपासा

अपात्रतेची कलमं वाचताना लोक गुन्ह्यांकडे बघतात. छोट्या गावात माणूस अडकतो ते साध्या गोष्टींत. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर उमेदवारी नाही. नगरपरिषदेची थकबाकी नको. तुमच्याच नव्हे, एकत्र कुटुंबाच्या घरपट्टीच्या पावत्याही काढून ठेवा, कारण आजोबांच्या नावावरच्या घराची पट्टी तीन काकांनी एकमेकांवर ढकललेली असते. नगरपरिषदेच्या ठेक्यात हितसंबंध नको. भावाची जेसीबी नगरपरिषदेच्या कामावर लागली असेल तर आधी वकिलाला विचारा. शौचालय वापराचा दाखलाही लागतो.

किनाऱ्यावरची खरी मेख मात्र कलम ४४ मध्ये आहे. नगरसेवकाने, त्याच्या पती-पत्नीने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केलं असेल तर पद जाऊ शकतं. पुण्या-मुंबईचे पर्यटक वाढल्यापासून किनाऱ्यावर कुणी मागच्या वाडीत दोन खोल्या काढल्यात, कुणी पत्र्याची शेड टाकून 'घरगुती जेवणाची सोय' लावलीय. त्यातल्या किती खोल्यांना परवानगी आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि निवडणूक येईपर्यंत कोणी बोलत नाही. आत्याच्या घरामागे न्हाणीघराला लागून एक पडवी वाढवलेली होती. ती आम्ही अर्ज भरायच्या आधी पाडली. आत्या तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसरं काम: समुद्र तुमचा नाही हे समजून घ्या

या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं हेच आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

किनाऱ्यावरच्या गावात कुठल्याही सभेला जा, लोक समुद्राबद्दल बोलतात. जेटी वाढवा. गाळ काढा. पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने वेढून मासे ओढणारे) आणि एलईडीवाले (दिवे लावून मासे गोळा करणारे) आमच्या हद्दीत येतात, त्यांना हाकला. डिझेलचा परतावा अडकलाय. बंधारा बांधा, लाटा घरात येतात. उमेदवार मान डोलावतो आणि सगळं करतो म्हणतो. यातलं एकही काम नगरपरिषदेचं नाही.

जेटी आणि बंदर महाराष्ट्र सागरी मंडळाचं, ज्याला गावात सगळे मेरीटाइम बोर्डच म्हणतात. मासेमारीचे परवाने, १ जून ते ३१ जुलैची बंदी, एलईडीवरची कारवाई, डिझेल परतावा ही कामं मत्स्यव्यवसाय विभागाची. किनाऱ्यालगत बांधायचं काही असेल तर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), म्हणजे केंद्राची २०१९ ची अधिसूचना आणि तिच्यावर बसलेलं राज्याचं किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. पर्यटक ज्या सुंदर किनाऱ्यांची नावं घेऊन येतात ते पुष्कळदा नगरपरिषदेत नसतातच. तारकर्ली मालवणच्या नावावर खपते, पण ती ग्रामपंचायत. दिवेआगर आणि हरिहरेश्वर श्रीवर्धनच्या नावावर खपतात, त्याही वेगळ्या ग्रामपंचायती.

मग नगराध्यक्षाच्या हातात काय? पाणी, गटार, कचरा, दिवे, अंतर्गत रस्ते, बाजार, स्मशान-कब्रस्तान, बांधकामाच्या परवानग्यांवरचं लक्ष. तेसुद्धा एकट्याच्या नव्हे. तुम्ही सर्वसाधारण सभेचे अध्यक्ष आणि स्थायी समितीचे सभापती. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची. तो सरकारने पाठवलेला अधिकारी, कर्मचारी त्याच्या हाताखाली. सभेने केलेला ठराव कायद्याला किंवा लोकहिताला सोडून आहे असं वाटलं तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो रोखू शकतात. 'क' वर्गात वीसेक नगरसेवक असतात. त्यातले अकरा तुमचे नसतील तर तुम्ही खुर्चीत बसलेले आणि ठराव दुसऱ्याचे, असं पाच वर्षं चालतं. म्हणून पॅनेल हवं.

हे कळल्यावर आम्ही माहितीच्या अधिकारात तीन कागद मागवले: मागच्या तीन वर्षांची अंदाजपत्रकं, लेखापरीक्षणाचे अहवाल आणि घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी-वसुली. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. पंचविसाव्या दिवशी कार्यालयातून फोन आला, "साहेब, एवढं सगळं कशाला पाहिजे?" तो प्रश्न ऐकला की समजायचं, कागद कामाचे आहेत. तुम्ही हे निवडणुकीच्या तोंडावर नको, दोन वर्षं आधी मागवा.

आणि मग कागद बाजूला ठेवून लिलावाच्या वेळी जेटीवर जा. आत्या गेली तेव्हा मी बरोबर होतो. टोपल्या उतरत होत्या, बर्फाचं पाणी पायाखाली, बोलीच्या आरड्याओरड्यात काही ऐकू येत नव्हतं. आत्याने तिच्या जुन्या विद्यार्थिनीला विचारलं, काय अडचण आहे? मी वही काढून बसलो होतो, जेटी किंवा परतावा लिहायला. ती बाई बोंबलांवरचा हात न थांबवता म्हणाली, "बाई, नल येतो सकाली आठला. तवा आम्ही इथं लिलावावर. मंग पानी कोन भरनार? म्हातारी?"

आमच्या गावात कोळीवाड्याला पाणी सकाळी आठ ते नऊ येतं, आणि त्याच तासाला कोळीवाड्यातली प्रत्येक कमावती बाई घराबाहेर असते. पाणी सोडणारा माणूस नगरपरिषदेचा. व्हॉल्व्ह नगरपरिषदेचा. वेळ बदलायला कुठल्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. आमच्या पत्रकावरचं पहिलं आश्वासन ते झालं: कोळीवाड्याला पाणी दुपारी. विरोधकांच्या पत्रकावर आंतरराष्ट्रीय दर्जाची चौपाटी होती.

अशी कामं शोधायची. शनिवारी सकाळी अकरापासून एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्या बाजाराच्या अरुंद रस्त्यात अडकतात, तर पार्किंगची जागा कुठली? रविवारी रात्री किनाऱ्यावर राहिलेला कचरा सोमवारी सकाळी कोण उचलतं, किती माणसं, किती घंटागाड्या? ज्यांना कचऱ्याचं काम करून दाखवायचंय त्यांनी वेंगुर्ल्याला एक दिवस जाऊन यावं. एवढ्याशा नगरपरिषदेने कचरा वेगळा करून त्याची जागाच बघायला येण्यासारखी केली. वादळाचंही तेच. ३ जून २०२० ला 'निसर्ग' आलं तेव्हा श्रीवर्धन पट्ट्यातल्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. वादळ अडवणं कोणाच्या हातात नाही, पण पडलेली झाडं कापायची यंत्रं नगरपरिषदेत किती होती, हा प्रश्न नगरपरिषदेचाच.

चौथं काम: मतं मोजा, घरं मोजा

समजा गावात बारा हजार मतदार. दहातले सात मतदानाला आले तर आठ हजार चारशे. तिरंगी लढत असेल तर तीन हजार दोनशे-तीनशे मतांवर माणूस नगराध्यक्ष होतो. पुण्यात एका मोठ्या सोसायटी समूहात एवढे लोक राहतात. इथे जाहिरात कमी आणि पायपीट जास्त लागते.

यादीची छापील प्रत घ्या आणि गावातल्या जाणत्या बाईसमोर बसा. बाई म्हणतो, कारण पुरुषांना आळीतली घरं माहीत असतात, माणसं नाही. आम्ही आत्याच्या ओटीवर चार रंगांची पेनं घेऊन बसलो. ती चष्मा न लावता नुसती नावं ऐकून सांगत होती. "गेला. गेली, गणपतीच्या आधी. ही डोंबिवलीला दिली. हा बोटीवर असतो, मेमध्ये येतो. ही दोघं आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत, वेगवेगळं जा." पहिल्या पानावरच्या तीस नावांतली गावात झोपणारी एकोणीस निघाली. सगळी यादी व्हायला अकरा संध्याकाळी लागल्या. आमच्या सगळ्या प्रचारात त्या संध्याकाळींइतकं उपयोगाचं काही झालं नाही.

मग भाग पाडा: कोळीवाडा, मोहल्ला, वाडीवाले, बाजारपेठ, घरगुती निवासवाले, गावाबाहेरची कातकरी वाडी. प्रत्येक ठिकाणी शिरायची पद्धत वेगळी. कोळीवाड्यात आधी समाजाच्या पंचांना आणि मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना कळवून जायचं, नाहीतर घरं उघडतात पण मनं उघडत नाहीत. मोहल्ल्यात जुम्म्याच्या नमाजनंतर माणसं भेटतात, पण घरच्या बायकांना भेटायला बायकाच गेल्या पाहिजेत. वाडीवाला सुपारीचा भाव विचारल्याशिवाय राजकारणावर येत नाही. कातकरी वाडीवर उमेदवार शेवटच्या रात्री जातात आणि कशाला जातात ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही दिवसाढवळ्या, दोन वर्षं आधी जा. जातीचे दाखले आणि रेशनकार्डं अडलेली असतात, त्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घाला.

पुण्यातल्या गाववाल्यांचं काय? कर्वे रोडवरच्या एका हॉलमध्ये आम्ही मेळावा घेतला. दीडशे माणसं आली, फणसाची भाजी झाली, भाषणं झाली. यादीत नाव कितींचं आहे म्हणून हात वर करायला सांगितलं तर बावीस हात. त्यावर एका उत्साही काकांनी स्वारगेटहून दोन बस सोडायची कल्पना काढली. उमेदवाराने मतदारांना फुकट गाडी पुरवणं हा गैरप्रकार आहे. ज्याला यायचं त्याने एसटीचं तिकीट काढून यावं. नऊ जण आले.

पाचवं काम: ते अठ्ठावीस दिवस

गेल्या खेपेचं वेळापत्रक डोळ्यासमोर ठेवा, म्हणजे घाई कशी असते ते कळेल. घोषणा ४ नोव्हेंबरला, अर्ज १० ते १७, छाननी १८ ला, चिन्हं २६ ला, मतदान २ डिसेंबरला. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह लोकांना वर्षानुवर्षं पाठ असतं. अपक्षाला ते मतदानाच्या सहा दिवस आधी हातात पडतं. मग बॅनर छापा, पत्रकं छापा, घरोघर जाऊन चिन्ह दाखवा. अपक्ष लढायचं असेल तर लोकांच्या ओठांवर तुमचं नाव आधीच बसलेलं हवं.

पक्षाकडून लढायचं असेल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, हातात येईपर्यंत उमेदवारी मिळाली असं समजू नका. शब्द दिलेला असतो, फोटो काढलेले असतात, आणि शेवटच्या दुपारी फॉर्म दुसऱ्याच्या खिशातून निघतो. आत्यालाही एका पक्षाने विचारलं होतं. १६ तारखेच्या रात्रीपर्यंत फॉर्म आला नाही, म्हणून आम्ही अपक्ष अर्ज भरला. तेच बरं झालं असं आत्या म्हणते. मला तसं वाटत नाही. बूथवर बसायला माणसं पक्षाकडे असतात.

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, त्याची प्रत काढायची, सह्या करायच्या आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे नेऊन द्यायची. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ रांगतं, म्हणून पहिल्याच दिवशी भरा. सूचक तुमच्याच शहराच्या यादीतला हवा, त्याचा यादीतला क्रमांक दोनदा ताडून बघा. शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण असतं. एकही रकाना कोरा सोडू नका. काही नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा, रेघ मारू नका. मी आत्याच्या शपथपत्रात 'निरंक' हा शब्द एकतीस वेळा लिहिला.

छाननीला वकील बरोबर न्या, निदान जवळपास बसवून ठेवा. या वेळी कित्येक ठिकाणी अर्जांवरची अपिलं न्यायालयात गेली आणि तिथलं मतदान २० डिसेंबरवर ढकललं गेलं. त्यामुळे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने सगळ्या राज्याची मोजणी ३ ऐवजी २१ डिसेंबरला झाली. मतदान होऊन एकोणीस दिवस यंत्रं कुलुपात, आणि सगळ्या पक्षांची पोरं स्ट्राँगरूमबाहेर पाळ्या लावून बसलेली. त्या थंडीत विरोधकांच्या शेकोटीवर आमच्या पोरांनी चहा केला. प्रचारात जे झालं नाही ते तिथे झालं, पण उशीर झाला होता.

खर्चाची मर्यादा 'क' वर्गाच्या नगराध्यक्षाला साडेसात लाख, नगरसेवकाला अडीच लाख. नगरपंचायत असेल तर सहा लाख आणि सव्वादोन लाख. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा, सगळे पैसे त्यातूनच जाऊ द्या, आणि हिशेब रोजच्या रोज लिहा. निवडणूक कार्यालय चहा, वडापाव, खुर्ची, मंडप सगळ्याचे दर ठरवून देतं. तुम्ही चहा पाचला आणला तरी लागतो तो त्यांचाच दर. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव हवं. रात्री दहानंतर भोंगा बंद.

सहावं काम: मतदानाचा दिवस

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. होड्या त्याच्या कितीतरी आधी सुटतात. त्या दिवशी होड्या उशिरा सोडा किंवा दुपारी परत या, हे मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत आठवडाभर आधी बोलून ठेवायचं. एका होडीवर पाच-सात माणसं असतात, आणि प्रत्येकामागे घर असतं.

दुसरी गोष्ट यंत्राची. दोन सदस्यांच्या प्रभागात मतदाराला तीन मतं द्यायची असतात: एक नगराध्यक्षाला, दोन नगरसेवकांना. तिन्ही बटणं दाबल्याशिवाय यंत्र लांब आवाज करत नाही. म्हाताऱ्या माणसांनी एक बटण दाबलं की त्यांना वाटतं झालं, आणि ती बाहेर पडायला लागतात. कुणालाच द्यायचं नसेल तर 'नोटा' दाबावं लागतं, पण दाबावं लागतं. नमुना मतपत्रिका पुठ्ठ्यावर चिकटवून घरोघरी न्या आणि बोट ठेवून दाखवा. आत्याने हे शाळेत पाढे शिकवल्यासारखं केलं, आजोबांकडून तीनदा म्हणून घेतलं.

आत्या पडली. दोनशे मतांच्या आत.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यालासुद्धा. नाही दिला तर पुढच्या वेळी अपात्र ठरू शकता, आणि कित्येक पडलेले उमेदवार इथेच निष्काळजी राहतात. मी पावत्या लावून फाइल दिली आणि पोच घेतली. ती पोच दादाच्या कपाटात, गावच्या यादीच्या चार रंगांत रंगलेल्या प्रतीवर ठेवली आहे.

कोळीवाड्याला पाणी अजून सकाळी आठलाच येतं. आत्याने त्यासाठी नव्या नगराध्यक्षांना अर्ज दिलाय, खाली दोनशे चाळीस सह्या. वहिनी मुलाची दहावी संपली की जूनमध्ये गावी राहायला जाणार आहे. नमुना ८ ती तिथे गेल्यावर भरेल.